अंगठ्याच्या मुळाशी दडलेला पडदा

मनगटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, हाड जिथं किंचित पुढं आलेलं बोटाला लागतं, तिथं कळ येणं ही आपल्याकडची घरोघरची तक्रार आहे. धुण्याचा पिळा घालताना, बाळाला दोन्ही काखांत हात घालून उचलताना, बरणीचं घट्ट झाकण फिरवताना ती कळ अंगठ्यातून कोपराकडे धावते. वडीलधारी माणसं ‘शीर आखडली’ म्हणतात, शेक देतात, तेल लावतात. डॉक्टर डी क्वेरवेन असं दुखण्याचं नाव सांगतात, अंगठा बांधून ठेवायला पट्टा देतात, त्यानं भागलं नाही तर स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात, आणि तेही फुकट गेलं तर ‘एक छोटंसं ऑपरेशन’ सुचवतात. त्या ‘छोट्याशा’ ऑपरेशनबद्दल इथं लिहायचं आहे. ते छोटं आहे यात शंका नाही. चीर साधारण दोन सेंटिमीटरची, टाके मोजके, भूल तेवढ्या जागेपुरती आणि रुग्ण त्याच दिवशी घरी. बहुतेकांना गुणही चांगला येतो. पण ज्या दोन सेंटिमीटरमध्ये ही शस्त्रक्रिया व्हायची, तिथली रचना माणसागणिक वेगळी असते. ती वेगळी असणार हे धरून चालणारा आणि चीर दिल्यावर ती शोधणारा सर्जन या रुग्णांना हवा आहे. या ऑपरेशनमधली सुरक्षितता सफाईदार हातापेक्षा शरीररचनेच्या ज्ञानातून जास्त येते, असं माझं म्हणणं आहे, आणि त्याला पुरावा भरपूर आहे.

आधी ती जागा पाहू. अंगठा हलवणाऱ्या कित्येक स्नायूंचं मांस अंगठ्यात नसतंच, ते कोपराखालच्या हातात असतं. तिथून निघालेल्या पांढऱ्या, चिवट दोऱ्या मनगट ओलांडून अंगठ्याच्या हाडांना जाऊन चिकटतात. यांना कंडरा म्हणतात, दवाखान्याच्या बोलीत टेंडन. मनगट वाकलं की या कंडरा हाडापासून सुटून वर उचलल्या जाऊ नयेत म्हणून मनगटाच्या पाठीवर एक आडवा, मजबूत पट्टा असतो, आणि त्याच्याखाली हाडाला धरून सहा कप्पे. परकराच्या नेफ्यातून नाडी सरकते तशा कंडरा या कप्प्यांतून सरकतात. पहिला कप्पा रेडियस हाडाच्या अंगठ्याकडच्या टोकावर असतो, जेमतेम दोन सेंटिमीटर लांब. पुस्तकातल्या चित्रात त्यातून दोन कंडरा जाताना दाखवतात. अ‍ॅबडक्टर पॉलिसिस लाँगस ही जाड, ती अंगठ्याला मुळापासून बाजूला नेते. एक्स्टेन्सर पॉलिसिस ब्रेव्हिस ही बारीक, ती अंगठ्याला मधल्या सांध्यात ताठ करते. सोयीसाठी यांना थोरली आणि धाकटी म्हणू. वाचकांनी स्वतःचा अंगठा ताणून ताठ केला, तर त्याच्या मुळाशी, मनगटालगत एक खळगा पडलेला दिसेल. तपकिरीची चिमूट ठेवायची जागा म्हणून युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी त्याला तपकिरीच्या डबीचं नाव दिलं. या खळग्याची तळव्याकडची उभी कड म्हणजेच थोरली आणि धाकटी, एकमेकींना चिकटून असलेल्या. खळग्याच्या तळाशी दुसऱ्या हाताचं बोट हलकेच टेकवून थांबलं तर रेडियल धमनीचा ठोका लागतो. कातडी, कंडरा, हाड आणि धमनी, सगळं इतकं जवळ.

डी क्वेरवेनच्या दुखण्यात हा नेफा जाड होतो आणि त्यातली जागा कमी पडते. फ्रिट्झ डी क्वेरवेन या स्विस सर्जननं १८९५ साली असे पाच रुग्ण नोंदवले आणि नाव त्याचं लागलं. वैद्यकीय भाषेत या दुखण्याला दाहाचं नाव आहे, आणि ‘सूज आहे’ असंच रुग्णालाही सांगितलं जातं. पण १९९८ साली ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी ऑपरेशनमध्ये काढलेले तुकडे सूक्ष्मदर्शकाखाली तपासले, तेव्हा दाहाच्या खुणा तिथं फारशा आढळल्या नाहीत. आढळला तो आवरणात साचलेला चिकट, बुळबुळीत पदार्थ, आणि निरोगी मनगटाच्या तुलनेत पाचपटीपर्यंत जाड झालेलं आवरण. हे ध्यानात घेतलं की उपचाराचा क्रम समजतो. पुष्कळ रुग्ण, विशेषतः बाळंतपणानंतर हे दुखणं सुरू झालेल्या स्त्रिया, विश्रांती, पट्टा आणि काळ यांवर बऱ्या होतात. इंजेक्शननं आणखी बरेच जण सुटतात. उरतात ते, ज्यांच्या नेफ्याचं कापड जाड झालं आहे आणि पातळ व्हायला तयार नाही. त्यांच्यासाठी तो नेफा उभा उसवून कंडरा मोकळी करणं हाच मार्ग राहतो.

निदानाची जी चाचणी सगळीकडे सांगितली जाते, तिच्याविषयी एक गोष्ट इथं बोलून टाकायला हवी, कारण हल्ली लोक मोबाइलवर बघून ती घरीच करतात. अंगठा मुठीत आवळून मूठ करंगळीकडे वाकवायची आणि कळ आली की ‘फिंकेलस्टाइन पॉझिटिव्ह’ म्हणायचं, असा प्रघात आहे. ही रीत खरं तर आयकहॉफची, १९२७ सालची, आणि ती जोरानं केली तर धडधाकट मनगटही दुखतं. हॅरी फिंकेलस्टाइन या अमेरिकी सर्जननं १९३० साली वर्णन केलेल्या चाचणीत तपासणारा रुग्णाचा अंगठा स्वतःच्या हातात धरतो आणि रुग्णाचा हात करंगळीच्या दिशेनं वळवतो. फरक लहान दिसतो, पण चुकीच्या निदानावर केलेलं अचूक ऑपरेशन कुणाच्याच कामाचं नाही. अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज, खळग्याच्या तळाशी असलेल्या स्कॅफॉइड हाडाचा न दिसलेला मोड, थोडं वर दोन कंडरांच्या जोड्या एकमेकींना ओलांडतात तिथलं घर्षण, ही दुखणी याच परिसरातली आहेत.

आता पडद्याकडे येतो. चित्रात कप्पा एक असतो. प्रत्यक्षात पुष्कळ मनगटांत त्याच्या आत एक उभा पडदा असतो आणि एका नेफ्याचे दोन नेफे झालेले असतात, थोरलीचा वेगळा, धाकटीचा वेगळा. कधी हा पडदा पूर्ण लांबीचा असतो, कधी फक्त अंगठ्याकडच्या अर्ध्या भागात, आणि जिथं तो असतो तिथं खालच्या हाडावरही अनेकदा उंचवट्याची बारीक रेघ उमटलेली असते. शिवाय थोरली एकटी असणं हेच अपवादाचं आहे. बहुतेक माणसांत ती दोन किंवा जास्त पेडांची असते, काहींत तीन-चार पेडांची. धाकटी क्वचित नसतेच. म्हणजे विद्यार्थीदशेत जे चित्र डोळ्यांसमोर पक्कं बसतं, एक कप्पा आणि त्यात दोन कंडरा, ते निम्म्याहून कमी मनगटांना लागू पडतं. यातून जी चूक होते तीही समजण्याजोगी आहे. सर्जन कप्प्याचं छत उघडतो, आत दोन दोऱ्या दिसतात, दोन्ही मोकळ्या होतात आणि काम झालं असं वाटतं. पण त्या दोन्ही दोऱ्या थोरलीचेच पेड असतात. धाकटी पलीकडे, पडद्याआड, आपल्या अरुंद नेफ्यात तशीच आवळलेली राहते. जखम भरते, टाके निघतात आणि दुखणं जिथल्या तिथं.

हा पडदा नेमक्या कुणाच्या मनगटात सापडतो, याचं उत्तर माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं आहे. १९८६ साली जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी मृतदेहांतली ३०० मनगटं विच्छेदन करून पाहिली. ४० टक्क्यांत पडदा होता. त्याच वेळी डी क्वेरवेनसाठी ऑपरेशन झालेल्या ४० रुग्णांच्या नोंदी पाहिल्या, तर तिथं हे प्रमाण ६७.५ टक्के निघालं. लहान चिरेतून पाहणाऱ्याला पडदा निसटण्याची शक्यता विच्छेदन करणाऱ्यापेक्षा जास्त. तरीही आकडा ऑपरेशनवाल्यांचाच मोठा आहे. म्हणजे हा फरक पाहण्याच्या पद्धतीतून आलेला नाही. याचे दोन अर्थ संभवतात. पडद्यामुळे जागा आधीच अपुरी पडते म्हणून अशा लोकांना दुखणं जास्त होतं, हा एक. किंवा पडदा असला की इंजेक्शनचं औषध एकाच नेफ्यात शिरतं, दुसरा कोरडा राहतो, म्हणून असेच लोक ऑपरेशनपर्यंत पोचतात, हा दुसरा. १९९० सालचा हार्वे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास दुसऱ्या अर्थाला बळ देतो. त्यांनी ६३ मनगटांना इंजेक्शनं दिली. पहिल्या-दुसऱ्या इंजेक्शनात बहुतेक बरी झाली आणि ११ उरली. त्या ११ मनगटांचं ऑपरेशन झालं तेव्हा १० मनगटांत धाकटी स्वतंत्र कप्प्यात सापडली. आकडा लहान आहे हे मान्य, पण ११ पैकी १० हे प्रमाण योगायोगाच्या खात्यावर टाकता येत नाही. दोन्ही अर्थ एकाच वेळी थोडेथोडे खरे असू शकतात; सर्जनसाठी निष्कर्ष मात्र एकच निघतो. साध्या रचनेचे रुग्ण वाटेत बरे होऊन गळतात आणि ऑपरेशनच्या टेबलावर येतात ते बहुतांशी पडदेवाले. त्यामुळे इथं पडदा हा अपवाद म्हणून वागवणं चूक आहे. तो असणारच असं समजून शोधायचं, आणि नाहीच अशी खात्री झाली तरच थांबायचं.

पडदा राहून गेला तर दुखणं राहतं. नस दुखावली तर नवं दुखणं जन्माला येतं, आणि ते अनेकदा पहिल्यापेक्षा वाईट असतं. रेडियल मज्जातंतूची कातडीपुरती संवेदना नेणारी फांदी मनगटाच्या आठ-नऊ सेंटिमीटर वर दोन कंडरांमधून बाहेर पडते आणि कातडीखालच्या चरबीत येते. पुढं तिला फाटे फुटतात आणि ते नेमके या पहिल्या कप्प्यावरून आणि त्याच्या आजूबाजूनं अंगठ्याच्या, तर्जनीच्या पाठीकडे जातात. किती फाटे, कुठून फुटणार, कोणता छताच्या अगदी मध्यावरून तिरका जाणार, हे एका माणसाचं दुसऱ्यासारखं नसतं. भरीला कोपराकडून येणारी आणखी एक कातडीची नस पुष्कळ लोकांत याच भागात पोचते आणि दोघींचे प्रदेश एकमेकांत मिसळलेले असतात. हे फाटे सुतळीहून बारीक, चरबीच्या रंगात मिसळणारे, शेजारच्या शिरेला लगटून जाणारे. यांतला एखादा कापला गेला तर अंगठ्याच्या पाठीवर रुपयाएवढी जागा बधिर होते. ते माणूस सहन करतो. पण कापलेलं टोक व्रणात अडकून तिथं नसेची गाठ झाली की शर्टाची बाही घासली तरी वीज चमकल्यासारखी कळ उठते. घड्याळ बांधता येत नाही, बांगडी नकोशी होते, झोपेत हात उशीला लागला तरी जाग येते. या नसेच्या गाठीवरचे उपचार लांबलचक असतात आणि त्यांचा भरवसाही देता येत नाही. दोन सेंटिमीटरच्या ऑपरेशनसाठी ही किंमत फार मोठी आहे, आणि ती टाळता येण्याजोगी आहे म्हणूनच ती जास्त खुपते.

टाळायची कशी, हे टेबलाजवळ उभं राहून पाहिल्यासारखं क्रमानं पाहू. चीर कातडीपुरतीच द्यायची. सुरीचं काम तिथं काही वेळ थांबतं. त्याखालची चरबी कापायची नसते. बोथट टोकाच्या कात्रीची पाती हाताच्या लांबीच्या दिशेनं अलगद उघडत ती बाजूला सारायची, कारण नसेचे फाटे साधारण त्याच दिशेनं धावतात. फाटे दिसले की त्यांना हलकेच बाजूला धरायचं. जोरात ओढलं तर न कापताही ते दुखावतात. मग खाली कप्प्याचं पांढरं, चकाकणारं, आडव्या धाग्यांचं छत दिसतं. ते कुठं उघडायचं हा सगळ्यांत मोलाचा निर्णय. हाताच्या पाठीकडच्या कडेनं उघडलं तर तळव्याकडे छताचा एक पदर शिल्लक राहतो. मनगट वाकल्यावर मोकळ्या झालेल्या कंडरा तळव्याच्या बाजूला घसरून हाडाच्या टोकावरून टकटक करू पाहतात, त्यांना हा पदर अडवतो. धाकटीचा नेफाही याच, पाठीकडच्या बाजूला असतो. त्यामुळे जी चीर घसरण टाळते तीच धाकटीपर्यंत आधी पोचवते. याउलट तळव्याच्या बाजूनं छत उघडणारा आधी थोरलीच्या पेडांत शिरतो आणि तिथंच समाधान मानण्याचा मोह होतो. शरीररचना सर्जनला इतकी स्पष्ट वाट क्वचितच दाखवते.

छत उघडल्यावर दोऱ्या मोजून काही सिद्ध होत नाही, त्यांना विचारावं लागतं. एकेक दोरी आकड्यानं किंचित ओढायची आणि अंगठ्याकडे पाहायचं. थोरलीचा पेड ओढला तर अंगठ्याचं मुळाचं हाड बाजूला सरकतं. धाकटी ओढली तर अंगठ्याचा मधला सांधा ताठ होतो. तो सांधा हलवणारी दोरी हाती लागली नाही तोवर ऑपरेशन पुरं झालेलं नाही, इतका साधा आणि कठोर हा नियम आहे. कॅनडातले सर्जन डोनाल्ड लालाँड यांनी पुढं आणलेली जागेपणीची पद्धत इथं फार उपयोगी पडते. तीत भुलेच्या औषधात अ‍ॅड्रिनॅलिन मिसळतात. त्यामुळे रक्त कमी येतं, दंडाला फुगा बांधून रक्तप्रवाह रोखावा लागत नाही आणि रुग्ण पूर्ण जागा राहतो. ‘अंगठा वर करा, आता वाकवा,’ असं सांगितलं की रुग्ण स्वतः तो हलवतो आणि कंडरा मोकळ्या सरकतात की कुठं अडतात हे दोघांच्याही साक्षीनं ठरतं. हातात अ‍ॅड्रिनॅलिन वापरू नये असं वर्षानुवर्षं शिकवलं गेलं, कारण बोटाचा रक्तपुरवठा तुटेल अशी भीती होती. योग्य मात्रेत ते सुरक्षित आहे हे आता मोठ्या अनुभवानं दिसून आलं आहे.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा येतो की, बहुतेक रुग्ण बरे होतातच, मग एवढा बाऊ कशाला? उत्तर वर आलेल्या आकड्यांतच आहे. बरे होणाऱ्यांची संख्या मोठी आहे ती पट्टा, विश्रांती आणि इंजेक्शन यांमुळे. ऑपरेशनपर्यंत येणाऱ्यांची गोळाबेरीज वेगळी, रचना वेगळी, आणि म्हणून त्यांच्याबाबतीतला धोकाही सरासरीवरून मोजता येत नाही. दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. पडद्याची एवढी भीती असेल तर सगळंच मोठं उघडावं, लांब चीर द्यावी, छत पूर्ण काढून टाकावं, म्हणजे काही राहणारच नाही. हे ऐकायला निर्धोक वाटतं, पण छत समूळ काढलं की कंडरांना धरून ठेवणारं काही उरत नाही आणि त्या घसरायला लागतात. चीर अंगठ्याकडे फार लांबवली तर खळग्यातली धमनी वाटेत येते. जास्त कापणं म्हणजे जास्त सुरक्षित, हे समीकरण या जागेला लागू नाही. चीर आडवी घ्यावी की उभी, हा वाद मात्र खरा आहे. आडवी चीर कातडीच्या नैसर्गिक रेघांत लपते आणि व्रण देखणा राहतो. उभी चीर नसेच्या दिशेनं जाते आणि कप्प्याची पूर्ण लांबी दाखवते. दोन्ही प्रकारांनी उत्तम काम करणारे सर्जन आहेत. माझा कौल उभ्या किंवा किंचित तिरक्या चिरेकडे झुकतो, कारण व्रणाची रेघ फिकट होत जाते, नसेच्या गाठीचं तसं होत नाही.

तिसरा आक्षेप नव्या काळाचा आहे. सोनोग्राफी आहे, ती पडदा दाखवते, मग सर्जनच्या शरीररचनेच्या अभ्यासावर इतका भर का? सोनोग्राफी खरोखर मोठी मदत आहे. चांगल्या यंत्रावर, सरावलेल्या हातांत ती पडदा दाखवते, दाट झालेलं आवरण दाखवते, आणि इंजेक्शनची सुई धाकटीच्या नेफ्यात नेऊन सोडता येते. पहिलं इंजेक्शन वाया गेल्यावर दुसरं अंदाजानं देण्याऐवजी सोनोग्राफीच्या मदतीनं द्यावं, हे मला योग्य वाटतं. त्यात आपल्यासारख्या सावळ्या कातडीच्या लोकांचा आणखी एक फायदा आहे. स्टिरॉइड कप्प्याबाहेर चरबीत सांडलं तर कातडीवर पांढुरका डाग पडतो आणि तिथली चरबी विरते. हा डाग गोऱ्या कातडीपेक्षा आपल्याकडे ठळक दिसतो आणि जायला कित्येक महिने घेतो. पण यंत्राच्या स्क्रीनवर राखाडी रेघ दिसली म्हणजे ती काय आहे हे यंत्र सांगत नाही. ज्याला तिथं पडदा असू शकतो हे माहीत आहे त्यालाच ती दिसते. यंत्रानं शरीररचनेच्या ज्ञानाची गरज वाढवली, कमी केली नाही. अनुभवी सर्जनला हे सगळं हातानंच कळतं, या म्हणण्यालाही हीच मर्यादा आहे. अर्धवट सुटका झालेला रुग्ण बहुतेक वेळा त्याच दवाखान्यात परत येत नाही, तो दुसरीकडे जातो. मग पहिल्या सर्जनच्या अनुभवात ती चूक नोंदलीच जात नाही.

मग हे ज्ञान येतं कुठून? शेवटी ते विच्छेदनातूनच येतं. जॅक्सन यांची ती ३०० मनगटं कुणाची तरी होती. एमबीबीएसच्या पहिल्या वर्षी विद्यार्थ्यांचा एक गट मिळून एका देहावर शिकतो. त्या देहाची मनगटं दोन. त्यांत पडदा नसला तर तो विषय पुस्तकातल्या एका ओळीपुरता राहतो. फरकांचं ज्ञान एका देहातून होत नाही, त्याला अनेक देह लागतात. हातांची शस्त्रक्रिया शिकणाऱ्या डॉक्टरांसाठी मृतदेहांवर होणाऱ्या कार्यशाळांची म्हणूनच इतकी किंमत आहे. महाराष्ट्रात या कामाला कायद्याचा आधार १९४९ च्या बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्टपासून आहे. बेवारस देह वैद्यकीय महाविद्यालयांना अभ्यासासाठी देण्याची सोय त्यात झाली. त्याच्या पुढचं पाऊल देहदानाचं, आणि ते उचलणारी कुटुंबं आपल्याकडे आहेत. आजोबांचा देह महाविद्यालयाच्या स्वाधीन करताना घरच्यांच्या मनात हृदय, मेंदू, डोळे अशा मोठ्या गोष्टी असतात. पण त्याच देहाच्या मनगटातला अर्धा सेंटिमीटरचा पडदा पाहून एखादी शिकाऊ डॉक्टर पुढं शेकडो अंगठे वाचवू शकते. या दानाचं हे मोल कुटुंबांना कुणीतरी सांगायला हवं, आणि महाविद्यालयांनी ते सांगितलं तर देणारे हात वाढतील असा मला विश्वास आहे.

मनगटाच्या पुढच्या बाजूला, तळव्याच्या मुळाशी होणाऱ्या कार्पल टनेलच्या ऑपरेशनलाही हेच लागू आहे. तिथं मधल्या मज्जातंतूची एक फांदी अंगठ्याच्या उंचवट्यातल्या स्नायूंना हलवते. ती सहसा ऑपरेशनमध्ये कापल्या जाणाऱ्या तिथल्या आडव्या पट्ट्याच्या पुढून वळते, पण काहींत तो पट्टा भेदूनच बाहेर येते, आणि ती कापली गेली तर अंगठा बोटांसमोर आणायची ताकद जाते. तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

ज्यांना डी क्वेरवेनचं ऑपरेशन सुचवलं गेलं आहे त्यांनी घाबरण्याचं कारण नाही, पण विचारण्याचा हक्क जरूर वापरावा. इंजेक्शन दोनदा देऊनही गुण का आला नाही, आत पडदा असेल का, सोनोग्राफी करून पाहायची का, बारीक कंडरा वेगळी सोडवली गेली हे ऑपरेशनमध्ये कसं तपासणार, आणि कातडीखालच्या नसेची काळजी कशी घेणार? चांगल्या सर्जनला हे प्रश्न उद्धटपणाचे वाटत नाहीत, तो कागदावर मनगटाचं चित्र काढून उत्तर देतो. ऑपरेशनच्या कागदांवर धाकटी कंडरा पाहून सोडवल्याची नोंद मागून घ्या, पुढं कधी गरज पडली तर तीच उपयोगी पडेल. आणि भूल उतरून काही दिवस झाल्यावरही अंगठ्याच्या पाठीवर बधिरपणा राहिला, किंवा टाक्यांजवळ नुसतं बोट लागताच वीज चमकल्यासारखी कळ आली, तर ‘होईल हळूहळू’ म्हणत महिने घालवू नका. त्याच आठवड्यात डॉक्टरांना हात दाखवा.